शेरच्या गोष्टीतली मधली वीस वर्षं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन पॉप गायिका शेर हिच्यावरचा एक कार्यक्रम पाहिला. तान्हेपणी बालगृहात राहिलेली, तुटक्या बुटांना रबरबँड लावून शाळेत जाणारी मुलगी पुढे ऑस्कर जिंकते. माझी भाची छान गाते. गाण्याच्या एका टीव्ही स्पर्धेमुळे तिचं थोडं नाव झालंय, घरची परिस्थिती बेताची आहे, बरंच सोसलंय. आता तिला अभिनयात जायचंय. ज्याने सोसलं त्याला अभिनय आतूनच येतो, असं घरात सगळ्यांचं मत आहे. लोकांची ओळख आणि सोसलेलं आयुष्य एवढ्या भांडवलावर ती जाऊ शकेल का?

एवढ्या भांडवलावर नाही. शेरसुद्धा एवढ्यावर पोचलेली नाही. तिच्या गोष्टीची दोन टोकं सगळे सांगतात, बालगृह आणि ऑस्कर. मधली 1962 ते 1982 ही वीस वर्षं गाण्यांच्या यादीत उरकली जातात, आणि अभिनेत्री घडली ती त्याच वर्षांत. मी बरीच वर्षं अभिनय शिकवतो. गाण्याकडून अभिनयाकडे येणारी मुलंमुली जवळपास प्रत्येक तुकडीत असतात, आणि त्यांच्यासमोर मी शेरचं उदाहरण पुन्हा पुन्हा काढतो. ती माझी आवडती गायिका आहे म्हणून नव्हे. गाण्यात माझी आवड वेगळी आहे. पण तिच्या प्रवासातला प्रत्येक टप्पा कशामुळे आला ते दिसतं, आणि शिकवायला असं उदाहरण क्वचित मिळतं.

आधी बालपण. जन्म 20 मे 1946 चा, मेक्सिकोच्या सीमेजवळ एल सेंट्रो या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या गावात. वडील जॉन सार्किसियन आर्मेनियन वंशाचे, ट्रक चालवायचे, अमली पदार्थ आणि जुगार यांत अडकलेले. आई जॉर्जिया होल्ट आर्कान्सासच्या गरीब घरातली, देखणी, गळ्यात गाणं असलेली, मॉडेलिंगची आणि सिनेमातली लहानसहान कामं शोधत फिरणारी. मुलगी तान्ही असतानाच पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात वडील दोघींना सोडून निघून गेले. आईने खाणावळीत नोकरी धरली आणि काही काळ मुलीला कॅथलिक बालगृहात ठेवावं लागलं. पुढे आईची अनेक लग्नं झाली आणि मोडली. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क अशी बिऱ्हाडं हलत राहिली. कधी घरात पैसा नाही, तर कधी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सावत्र वडिलांमुळे श्रीमंतांच्या खासगी शाळेत प्रवेश.

शाळेत तिला वाचता येत नव्हतं. डिस्लेक्सिया होता, पण तो कळला तिशीच्या आसपास, स्वतःच्या अपत्याची त्यासाठी तपासणी करताना. शाळेत असताना ती फक्त ‘लक्ष न देणारी’ मुलगी होती. जे काही शिकली ते ऐकून शिकली, असं तिने नंतर सांगितलंय.

आता या बालपणाने अभिनेत्रीला काय दिलं? लोक म्हणतील, दुःख. मला ते उत्तर पटत नाही. दुःख हे जगात फार स्वस्त आणि मुबलक आहे, आणि बहुतेकांचं दुःख कॅमेऱ्यासमोर दिसतच नाही. उलट चेहरा बंद होतो, कारण सोसलेल्या माणसाने आयुष्यभर चेहरा बंद ठेवण्याचाच सराव केलेला असतो. माझ्या मते तिला दोन गोष्टी मिळाल्या. एक, कान. जो वाचू शकत नाही तो माणसाच्या बोलण्याची लय, उच्चार, थांबे, खोटं बोलताना चढणारी पट्टी हे सगळं टिपतो, कारण त्याला दुसरी वहीच नसते. दोन, कष्टाने पोट भरणाऱ्या बाईची ओळख. शेरच्या चांगल्या भूमिका ओळीने पाहा: खाऊच्या काउंटरवर उभी राहणारी बाई, कारखान्यात काम करणारी बाई, मोटारसायकलवाल्यांच्या टोळीत वावरणारी एकटी आई, दुकानदारांचे हिशेब लिहिणारी विधवा. राणी नाही, नटी नाही, प्रेमात पडलेली श्रीमंत मुलगी नाही. अशी बाई खुर्चीवर कशी बसते, दिवसभर उभं राहिल्यावर चप्पल कशी काढते, पुरुषाने गोड बोलायला सुरुवात केली की भुवई कशी उचलते, हे तिने घरात पाहिलेलं होतं. हे निरीक्षण आहे. वेदना आणि निरीक्षण यांत फरक करायला तुमच्या भाचीने आजच शिकावं.

आणखी एक बारीक गोष्ट. पाचवीत असताना तिने शिक्षिकेसाठी आणि वर्गासाठी ‘ओक्लाहोमा!’ हे संगीत नाटक मुलींना जमवून बसवलं. मुलगे मिळेनात, म्हणून त्यांच्या भूमिका आणि गाणी स्वतःच केली. आवाज तेव्हापासूनच खर्जातला. आईने तिला आणि धाकट्या सावत्र बहिणीला टीव्ही मालिकांत गर्दीतली कामंही मिळवून दिली होती. म्हणजे सेट नावाची जागा, तिथली वाट पाहणं, दिव्यांची उष्णता, हे तिला नवं नव्हतं.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती लॉस एंजेलिसमध्ये राहायला गेली आणि अभिनयाचे धडे घेऊ लागली. हा क्रम लक्षात घ्या. गाण्याआधी अभिनय होता. शिकवणारे जेफ कोरी हे गृहस्थ स्वतः नट. पन्नासच्या दशकात कम्युनिस्टविरोधी चौकशीत सहकाऱ्यांची नावं सांगायला नकार दिल्यामुळे त्यांचं सिनेमातलं काम तुटलं आणि त्यांनी शिकवणी सुरू केली. पुढे मोठा नट झालेला जॅक निकल्सनही त्यांच्याकडेच शिकला. म्हणजे ‘गायिका पुढे अभिनेत्री झाली’ हे वाक्यच उलटं आहे. अभिनेत्री व्हायला निघालेली मुलगी वाटेत गायिका झाली.

वाट वळली ती 1962 च्या नोव्हेंबरात, सनी बोनो भेटल्यावर. तो सत्तावीस वर्षांचा, ही सोळा. तो फिल स्पेक्टर या निर्मात्याकडे काम करायचा. त्याच्यामुळे शेर स्टुडिओत मागच्या कोरसमध्ये उभी राहिली. रॉनेट्स या गायिकांच्या गटाच्या ‘बी माय बेबी’सारख्या गाण्यांत तिचा आवाज मागे आहे. तो इतका भेदक होता की तिला माइकपासून इतरांपेक्षा मागे उभं करत. 1964 मध्ये बॉनी जो मेसन या टोपणनावाने तिची पहिली एकल तबकडी निघाली. ती चालली नाही. आवाज पुरुषाचा वाटतो म्हणून रेडिओवाले ती लावेनात, असं सांगतात. पुढच्या वर्षी सनी-शेर जोडीचं ‘आय गॉट यू बेब’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोघं रातोरात घरोघरी पोचली.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. प्रसिद्धी शिखरावर असताना या जोडीने सिनेमा केला, 1967 मध्ये ‘गुड टाइम्स’. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, ज्यांचा तो पहिलाच चित्रपट. नंतर त्यांनीच ‘द एक्सॉर्सिस्ट’ केला. ‘गुड टाइम्स’ पडला. 1969 मध्ये सनीने शेरला एकटीला घेऊन ‘चॅस्टिटी’ लिहिला, निर्मिला. तोही पडला. शिवाय कराची थकबाकी डोक्यावर आली. म्हणजे गाण्याच्या नावावर सिनेमात जाण्याचा प्रयोग तिने दोनदा करून पाहिला, तोही नाव सर्वांत मोठं असताना. लोकांनी रेकॉर्ड विकत घेतली, तिकीट काढलं नाही.

का, याचं कारण मला वर्गात रोज दिसतं. पॉप गायक मंचावर स्वतः म्हणूनच उभा असतो. गाणं विरहाचं असो की नाचाचं, प्रेक्षक त्याच्याकडेच पाहायला आलेला असतो आणि तोही प्रेक्षकाकडे पाहत असतो. भूमिकेत नेमकं हे बंद करावं लागतं. समोरच्या पात्राकडे पाहायचं, त्याच्याकडून काहीतरी मिळवायचं, आणि प्रेक्षक तिथे नाहीच. आपल्या संगीत रंगभूमीवर गायक आणि नट एकच असायचा, पण तो पद पात्राच्या तोंडून म्हणायचा. त्यामुळे ती परंपरा इथे थेट लागू पडत नाही. टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेतून आलेल्या मुलांना पहिला त्रास होतो तो डोळ्यांचा. ओळ बोलून झाली की नजर नकळत कॅमेरा शोधते, दाद कुठून येतेय ते पाहते. दुसरा त्रास चालीचा. ती संवादाला चाल लावतात. वाक्याचा शेवट समेवर आणून ठेवतात. ऐकायला गोड, आणि एक शब्दही खरा वाटत नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी त्यांची गाणी मागे पडली आणि दोघं नाइटक्लबांमधून कार्यक्रम करू लागली. प्रेक्षक जेवणात, दारूत मश्गूल, लक्ष देत नाहीत. शेर मंचावर मुळात बुजरी. तिने गाण्यांच्या मधल्या वेळात सनीची फिरकी घ्यायला सुरुवात केली. तो उत्साही, बडबड्या, बुटका. ती उंच, थंड, एका वाक्यात त्याला गार करणारी. लोक हसू लागले. यातूनच ऑगस्ट 1971 मध्ये सीबीएस वाहिनीवर त्यांचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. तो मे 1974 पर्यंत चालला आणि आठवड्याला तीन कोटींहून अधिक लोक तो पाहत.

हीच तिची नाट्यशाळा. चरित्रं सांगणारे हा भाग बॉब मॅकीने शिवलेल्या कपड्यांपाशी थांबवतात. कपडे चमकदार होते खरे, बेंबी दाखवण्यावरून तेव्हा गहजबही झाला. पण त्या कपड्यांच्या मध्ये काय चाललं होतं ते पाहा. दर आठवड्याला नवी प्रहसनं. इतिहासातल्या आणि कथांतल्या बदनाम बायांच्या छोट्या छोट्या भूमिका, एकामागून एक. शिवाय लॅव्हर्न नावाचं एक कायमचं पात्र: कपडे धुण्याच्या दुकानात बसलेली, टोकदार चष्मा, चित्त्याच्या ठिपक्यांचे कपडे, च्युइंगम चघळत नवऱ्याची उणीदुणी काढणारी बाई. समोर टेरी गार, पुढे स्वतः ऑस्करचं नामांकन मिळवलेली नटी. स्क्रिप्ट आठवड्यात बदलायचं, हशा कुठे येणार याचा अंदाज घ्यायचा, आला तर थांबायचं, नाही आला तर वाक्य पुढे रेटायचं. शेरला डिस्लेक्सिया, कागदावर विसंबून राहणं तिला शक्यच नव्हतं. अशी तीन वर्षं काढलेल्या माणसाला मी वर्गात घेणार नाही. त्याला माझ्याकडून शिकण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

विनोदी कामाला आपल्याकडेही खालच्या पाटावर बसवतात. ‘गंभीर भूमिका मिळाली तर अभिनय दाखवता येईल,’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. प्रत्यक्षात रडवणं सोपं आहे. हसवण्यात चूक लपत नाही. एक श्वास उशीर झाला की सभागृह गप्प बसतं आणि तुम्हाला लगेच कळतं.

सनी-शेरचं लग्न मात्र मोडत होतं. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा तिला कळलं की तिच्याच नावाच्या कंपनीत तिचा वाटा शून्य आहे. ‘शेर एंटरप्रायझेस’चे 95 टक्के सनीकडे, 5 टक्के वकिलाकडे, आणि ती पगारी नोकर. संगीत व्यवसायातले डेव्हिड गेफन यांनी ती कागदपत्रं तिच्या वतीने वाचून काढली. घटस्फोट 1975 मध्ये झाला. हे इथे लिहितोय ते गॉसिप म्हणून नाही. टीव्ही स्पर्धेतल्या मुलामुलींकडून अनेकदा काही वर्षांचे करार सही करून घेतलेले असतात, आणि त्यात ‘इतर कोणतंही सादरीकरण’ असे शब्द असू शकतात. भाचीने कुठलंही ऑडिशन देण्याआधी तो कागद एखाद्या वकिलाला दाखवा. घरच्यांनी वाचणं पुरेसं नाही, हे शेरच्या उदाहरणावरून दिसतंच आहे.

1979 नंतर ती लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये गात होती, आठवड्याला सुमारे तीन लाख डॉलरवर. आणि सिनेमावाले तिला विचारत नव्हते. टीव्हीवरची चमकणारी बाई, एवढीच ओळख. इथे तिने जे केलं तो माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातला खरा निर्णय. ते पैसे सोडून ती न्यूयॉर्कला गेली. ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे शिकायचा बेत होता. आपल्या जुन्या आठवणी उकरून त्यातून भावना उभी करायची, या पद्धतीचे हे सर्वांत प्रसिद्ध शिक्षक. पण तिने तिथे प्रवेश घेतलाच नाही. तिने दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांना ऑडिशन दिलं आणि त्यांनी तिला ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, एका नाटकात घेतलं. 17 फेब्रुवारी 1982 ला स्ट्रासबर्ग वारले. दुसऱ्याच दिवशी, 18 तारखेला, मार्टिन बेक थिएटरमध्ये त्या नाटकाचा शुभारंभ झाला. तेव्हा ‘बालपणीच्या जखमांतून अभिनय’ ही कल्पना शेरला चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ती विद्या जिथे शिकवत, तिथे ती गेलीच नव्हती.

नाटकाचं नाव ‘कम बॅक टू द फाइव्ह अँड डाइम, जिमी डीन, जिमी डीन’. टेक्सासमधल्या एका लहान गावातलं स्वस्त मालाचं दुकान, जेम्स डीन या नटाच्या चाहत्या बायका वीस वर्षांनी तिथे जमतात. सोबत सँडी डेनिस, कॅरन ब्लॅक, कॅथी बेट्स, म्हणजे कसलेल्या नट्या. टाळ्या वाटून घ्यायच्या, दुसरी बोलत असताना मंचावर नुसतं असायचं. शेरची सिसी ही आपल्या भरदार छातीवर स्वतःच विनोद करणारी, गावातली रंगेल बाई. आणि शेवटाकडे कळतं की कर्करोगाने ती छाती केव्हाच गेलीये, नवराही त्यावरूनच सोडून गेलाय. ऑल्टमन यांनी भूमिका फार हुशारीने दिली होती. शेरची चमकदार प्रतिमा त्यांनी लपवली नाही, ती सिसीच्या अंगावर घातली आणि मग उतरवली. समीक्षकांनी नाटक फारसं उचललं नाही, 52 प्रयोगांत ते संपलं. ऑल्टमन यांनी त्याच संचात त्यावर सिनेमाही केला.

बावन्न प्रयोगांचं नाटक व्यवहारात अपयशच म्हणायचं. पण पाहायला सिनेदिग्दर्शक माइक निकल्स आले होते, आणि त्यांनी तिला ‘सिल्कवुड’मध्ये घेतलं. निकल्स यांची स्वतःची सुरुवात विनोदी प्रहसनांत, एलेन मे यांच्याबरोबरच्या जोडीत, उत्स्फूर्त संवादांवर झालेली. शेरकडे काय आहे हे त्यांना इतर कुणापेक्षा लवकर दिसलं, याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

‘सिल्कवुड’ 1983 चा. ओक्लाहोमातल्या प्लुटोनियमच्या कारखान्यातल्या कॅरन सिल्कवुड या कामगार बाईची खरी गोष्ट, मुख्य भूमिकेत मेरिल स्ट्रीप. शेर तिची घरातली सोबतीण डॉली, समलिंगी, कॅरनवर मुकं प्रेम करणारी. मेकअप नाही, ढगळ पँट, विस्कटलेले केस. प्रदर्शनाआधी शेर एका थिएटरात झलक पाहायला गेली. पडद्यावर स्ट्रीपचं नाव आलं, कर्ट रसेलचं आलं, आणि मग तिचं नाव आल्यावर प्रेक्षक हसले. हा प्रसंग तिने स्वतःच नंतर सांगितलाय. अभिनयात आलेल्या गायिकेला तिची कीर्ती काय देते, ते त्या हशात आहे. सिनेमा लागला आणि तिला सहायक भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही.

डॉली पाहायची असेल तर संवाद बाजूला ठेवून पाहा. इतर बोलत असतात तेव्हा ती काय करते? बहुतेक वेळा काहीच नाही. बसते, ऐकते, नजर खाली घेते. गायकाला हे सर्वांत अवघड, कारण मंचावरची शांतता त्याला पोकळी वाटते आणि ती भरायची सवय अंगात असते.

‘मास्क’ 1985 चा. चेहऱ्याची हाडं वाढत जाणाऱ्या दुर्मीळ आजाराच्या मुलाची, रॉकी डेनिसची, खरी गोष्ट. शेर त्याची आई रस्टी: व्यसनी, भांडखोर, बेशिस्त, आणि मुलासाठी शाळेच्या मुख्याध्यापकाला भिडणारी. दिग्दर्शक पीटर बोग्डानोविच यांच्याशी तिचं जमलं नाही, दोघांनी ते लपवलंही नाही. तरी कान महोत्सवात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, अर्जेंटिनाच्या नॉर्मा आलेआंद्रो यांच्यासोबत विभागून. इथे बालपण दिसतं असं कुणी म्हणालं तर मी हो म्हणेन, पण एका अटीवर. रस्टीमध्ये मुलगी शेर नाही, तिने पाहिलेली आई आहे. स्वतःच्या दुःखाबद्दल कीव न करता, सदोष बाईला सदोषच ठेवून तिने ती उभी केलीये. स्वतःची जखम उगाळणाऱ्या नटाला हे जमत नाही. तो पात्राला निर्दोष करून टाकतो, कारण त्याला स्वतःला निर्दोष ठरवायचं असतं.

ऑस्करवाल्यांनी ‘मास्क’साठी तिला नामांकन दिलं नाही. 1986 च्या सोहळ्यात ती पुरस्कार द्यायला आली ती मॅकीच्या काळ्या पोशाखात, डोक्यावर पिसांचा प्रचंड मुकुट, पोट उघडं. आणि गंभीर अभिनेत्रीने कसे कपडे घालावेत याची अकादमीची पुस्तिका आपल्याला मिळाली आहे, असं मंचावरून शांतपणे म्हणाली. मला हा प्रसंग आवडतो. तिने गंभीर व्हायचं नाटक केलं नाही. गायिकेला पुसून अभिनेत्री व्हायचं, हा हट्ट आपल्याकडच्या मुलीही धरतात: गाणं बंद, पोशाख साधा, मुलाखतीत जड शब्द. त्याची गरज नसते. कॅमेरा चालू झाल्यावर प्रतिमा बाजूला ठेवता आली की पुरे.

1987 मध्ये तीन सिनेमे आले. ‘द विचेस ऑफ ईस्टविक’ आणि ‘सस्पेक्ट’ यांवर थांबत नाही. ‘मूनस्ट्रक’वर थांबतो. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन, लेखक जॉन पॅट्रिक शॅनली. लॉरेटा ही ब्रुकलिनमधली इटालियन वंशाची, सदतीस वर्षांची विधवा, हिशेबनीस. लग्न ठरलंय एकाशी, प्रेम जडतं त्याच्या धाकट्या भावावर. तो निकोलस केज. निर्माते त्याला घ्यायला तयार नव्हते आणि शेर त्याच्यासाठी अडून बसली होती. तिच्या कानाचा हिशेब इथे पुरा होतो. कॅलिफोर्नियाची बाई, पण ब्रुकलिनच्या इटालियन घरातली बोली तिने उचलली, त्यासाठी ज्युली बोव्हासो या नटीकडून तालीम घेतली. आणि तो प्रसिद्ध प्रसंग: तो म्हणतो, मी तुझ्यावर प्रेम करतो, ती एक थप्पड मारते, त्याचा चेहरा निरखते, परिणाम झालेला नाही हे पाहून दुसरी मारते, आणि मग भानावर यायला सांगते. दोन थपडांमधली ती क्षणभराची तपासणी हा शुद्ध प्रहसनाचा थांबा आहे. तो तिने 1971 पासून दर आठवड्याला घोटलेला होता. भाचीला हा प्रसंग आवाज बंद करून पाहायला लावा, मग आवाज लावून.

11 एप्रिल 1988 ला तिला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. स्पर्धेत मेरिल स्ट्रीप, ग्लेन क्लोज, हॉली हंटर आणि सॅली कर्कलंड होत्या. पुढे काय? विषाणूजन्य आजाराने काही वर्षं खाल्ली. कामं कमी झाली, टीव्हीवर केसांच्या आणि त्वचेच्या उत्पादनांच्या लांबलचक जाहिराती केल्यावर ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं तेच टिंगल करू लागले. मग 1998 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ‘बिलीव्ह’ आलं आणि गाण्याने तिला पुन्हा वर काढलं. ऑस्कर हा कायमचा मुक्काम नसतो, एवढं यातून घ्या.

आपल्याकडचं एक उलटं उदाहरण इथे आठवतं. एप्रिल 1942 मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर बारा वर्षांच्या होत्या. घर चालवायला त्यांनी मास्टर विनायकांच्या मदतीने सिनेमात छोट्या भूमिका केल्या. तोंडाला रंग लावणं, दिव्यांपुढे उभं राहणं त्यांना मनापासून नावडत होतं, आणि गाणं मिळू लागताच त्यांनी ते सोडलं. परिस्थिती शेरपेक्षा हलकी नव्हती. नट होण्याची भूक नव्हती, म्हणून त्या नट झाल्या नाहीत. तुमच्या भाचीला ती भूक आहे का, की गाण्यात पुढचं काम मिळत नाही म्हणून अभिनय? हे तिलाच विचारा, आणि उत्तर द्यायला वेळ द्या.

भूक असेल तर पुढचं सांगतो. मालिकेच्या ऑडिशनला नाचत जाऊ नका. तिचं नाव झालंय, त्यामुळे गाणारी मुलगी म्हणून एखादी भूमिका मिळेलही. ती घ्या, पण तिला अभिनयाची सुरुवात समजू नका. गावातल्या किंवा कॉलेजच्या एकांकिकेच्या संचात शिरू द्या, आणि भूमिका गाणं नसलेलीच घ्यायला सांगा. पहिले काही महिने विनोदी काम मिळालं तर उत्तम. बारा जणांच्या गटात तिसऱ्या-चौथ्या महत्त्वाची भूमिका करताना ती स्वतःच्या ओळी नसताना काय करते, हे दिग्दर्शकाला विचारत राहा. घरी तालमीसाठी एक सोपी गोष्ट: संवाद गाण्यासारखा पाठ करायचा नाही. समोरच्याचे संवाद पाठ करायचे, आपले नंतर. गळ्याची तयारी असलेल्या मुली हे पटकन उचलतात आणि चाल आपोआप गळून पडते.

कॅमेऱ्याचा सराव मोबाइलवर होतो. पण गाण्याचे व्हिडिओ जसे काढतो तसा समोर ठेवून नाही. फोन बाजूला लावा, घरातल्या कुणाशी तरी खरीखुरी बाचाबाची करू द्या, आणि नंतर पाहताना फक्त डोळे कुठे जातात ते पाहा.

आणि तिने जे सोसलंय ते शिक्षकाने वर्गात सगळ्यांसमोर काढून दाखवायला सांगितलं, तर तिने नाही म्हणावं. असं शिकवणारे बरेच आहेत. मुलं रडतात, पालकांना वाटतं काहीतरी घडलं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाचे पाच टेक द्यायचे असतात तेव्हा त्या रडण्याचा उपयोग नसतो, आणि मूल मात्र उसवलेलं राहतं. त्याऐवजी तिला तिच्या आईचं, शेजारणीचं, पहाटे भाजी लावणाऱ्या बाईचं निरीक्षण वहीत लिहायला सांगा: हात, पाय, पैसे मोजण्याची पद्धत, राग आल्यावर आवाज चढतो की उतरतो. वाचन-लेखनाचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवू द्या. शेरनेही कानानेच शिकून घेतलं होतं.

वयाची घाई करू नका. शेर ब्रॉडवेवर उभी राहिली तेव्हा पस्तिशीत होती, ऑस्कर हातात आलं तेव्हा एक्केचाळीस. तुमची भाची विशीत आहे असं धरतो. एक-दोन नाटकं झाल्यावर, कुठल्याही मालिकेचं काम स्वीकारण्याआधी, तिचं एखादं मंचावरचं काम मला पाहायला आवडेल. गाण्याचा व्हिडिओ पाठवू नका, तो मी पाहणार नाही.